अँटेनाचा बांबू

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. शेजारीण गोड बोलली की हिला काय हवंय, हेच पहिलं मनात येतं.

सावली तालुक्यातल्या एका गावात, मासेमारी करणाऱ्या घरात मी लग्न होऊन आले तेव्हा अख्ख्या मोहल्ल्यात एकच टीव्ही होता, आमचा. काळापांढरा, बॅटरीवर चालणारा. अँटेना मागच्या अंगणात, उंच बांबूच्या टोकाला. मॅचच्या रविवारी माणसं ओसरीत दाटून बसायची. सासऱ्यांच्या शेजारची जागा त्यांच्या जोडीदाराची. दोघं लहानपणापासून एकाच डोंग्यात. एकाने वल्हवायचं, दुसऱ्याने जाळं फेकायचं. मी त्यांना काका म्हणायचे.

मी स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. माहेरी रेडिओवर ऐकून ऐकून खेळ मला पाठ होता. ओसरीतल्या निम्म्यांना स्लिप कुठे असते तेही माहीत नव्हतं, पण तोंड उघडायची सोय नव्हती.

दर रविवारी खेळ रंगात आला की चित्र जायचं. नुसत्या मुंग्या. काका उठून मागे जायचे आणि चित्र परत यायचं. मग ते तंबाखूचा खर्रा चघळत, हसत जागेवर बसायचे, जणू सिक्सर यांनीच मारला. मला ते खुपायचं. थुंकायला मागे जातात हेच, त्यानंतर चित्र जातं, आणि दुरुस्त करतात तेही हेच. मोठेपणासाठी चाललंय सगळं, अशी माझी खात्री झाली. मी सासऱ्यांच्या कानावर घातलं, "मामाजी, काकाच बिघडवून राह्यले."

पुढच्या रविवारी चित्र गेलं, काका उठले, आणि सासरे दबक्या पावलांनी त्यांच्या मागे गेले. काकांचा हात बांबूवर होता.

"काऊन रे, तूच फिरवते का?"

"नाई भाऊ. सीधा करून राह्यलो."

"दर वेळेस तुलेच बरं मालूम पडते."

काका काही बोलणार होते. तेवढ्यात त्यांनी मागच्या दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं आणि गप्प झाले. चोर सापडला, असं मला वाटलं. दुसऱ्या दिवसापासून सासरे तलावावर एकटे जाऊ लागले.

त्यानंतरच्या रविवारी काका नव्हते, तरी चित्र गेलं. मी मागेच भांडी घासत होते, म्हणून बांबूकडे गेले. बांबूच्या खुंटीला फेकजाळं लोंबत होतं. मीच तासाभरापूर्वी टांगलेलं.

माझं माहेर वैनगंगेच्या काठचं. तिथे शेळ्या-कुत्र्यांनी तोंड लावू नये म्हणून जाळं उंच टांगून वाळवतात. इथे झुडपांवर पसरतात. रविवारी दुपारी मी जाळं धुऊन माहेरच्या रीतीने त्या बांबूला टांगायचे. ओलं जाळं, काठाला शिशाच्या गोळ्या. त्या ओझ्याने बांबू हळूहळू फिरायचा. संध्याकाळी जाळं कुंपणावर पसरलेलं दिसायचं. सासूबाईंनी हलवलं असेल, एवढाच विचार मी करायचे. ते काका काढून ठेवत होते, सासरे मागे गेले त्या दिवशीही.

जाळं काढलं, बांबू सरळ केला. आत लोक ओरडले, "आलं, आलं." मग सासऱ्यांचा आवाज, "कुंपणातून येऊन गेला असन तो. पाह्यतोच त्याले."

तेव्हाच आत जाऊन सांगायला हवं होतं. मी उरलेली भांडी घासली. नवी सून, पहिलंच वर्ष, घरात काय होईल याची भीती. नंतर भीती गेली तेव्हा लाज होती. सासरे आणि काका एकाच गल्लीत राहून पुढे कधी एकमेकांशी बोलले नाहीत.

सासऱ्यांना जाऊन चार वर्षं झाली. मागच्या महिन्यात काका आजारी आहेत असं कळलं, म्हणून मी भेटायला गेले. खाटेवर पडून मोबाइलवर मॅच पाहत होते. मी एका दमात सांगून टाकलं, "काका, त्या बांबूले जाळं मीच टांगत होती."

"मालूम आहे मले," ते म्हणाले. "तू नवी होती. घरचे बोलले असते तुले, म्हणून नाई सांगतलं."

मला रडू आवरेना. काकांनी मोबाइल बाजूला ठेवला.

"मंग भाऊले तरी सांगतलं ना तूनं?"

मी नाही म्हणाले. काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.