दुर्पताबाईंनी चालू केलेली ॲम्बेसेडर

दवनीवाड्यात आणि आसपासच्या गावांत आज ज्या बायकांची पोरं कॉलेजात जातात, त्यांतल्या कितीतरी जणी श्यामलाल रहांगडाले यांच्या पांढऱ्या ॲम्बेसेडरमधून सासरी गेल्या. लग्नसराईत त्या गाडीला आराम नसायचा. श्यामलालभाऊ सकाळी उठून स्वतः गाडी धूत, बोनेटवर झेंडूची माळ बांधत, आणि मागे बसलेली नवरी हुंदके द्यायला लागली की आरशातून तिच्याकडे बघत म्हणत, "रड बेटी, पोटभर रड. पण उलटी आली तं आधी सांगजो." रडणारी पोरगी तिथेच हसायची.

मग एका उन्हाळ्यात धानाच्या शेतात, बांधीवर उभे असताना भाऊंना लकवा मारला. जीव वाचला, पण उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. समजायचं सगळं. माणसं ओळखू यायची, बातम्या कळायच्या, फक्त बोलायला गेले की शब्द सापडत नसे. तोंडात एकच शब्द शिल्लक राहिला होता, "हत्तेरीकी." भूक लागली तरी हत्तेरीकी, चहा आवडला तरी हत्तेरीकी. भेटायला आलेली माणसं आधी हसायची, मग ओशाळायची आणि मग येईनाशी झाली. भाऊंनीही ओसरीवर बसणं सोडलं. कोणी आलं की ते भिंतीकडे तोंड करून पडून राहत.

गोंदियाच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, यांना चालवा, हातापायाचे व्यायाम करवून घ्या, नाहीतर आहे तेही जाईल. दुर्पताबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हरतऱ्हेने करून पाहिलं. गोड बोलल्या, रागावल्या, पोरीला फोनवर समजवायला लावलं. भाऊ हलायला तयार नव्हते.

पण एक गोष्ट दुर्पताबाईंच्या लक्षात आली. त्या दुपारी शेतावरून येत तेव्हा भाऊंच्या खाटेजवळची काठी जागेवर नसायची. एकदा त्या लवकर परतल्या. पाहतात तर भाऊ गोठ्यामागच्या टिनाच्या शेडमध्ये, जिथे तणसाच्या, म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगाशेजारी ॲम्बेसेडर उभी होती, तिथे एका हाताने काच पुसत होते. खाटेपासून शेडपर्यंत चांगलं अंगणभर अंतर. डॉक्टरसाठी एक पाऊल न टाकणारा माणूस गाडीसाठी तेवढं चालत होता.

दुर्पताबाई आल्या पावली मागे फिरल्या आणि चुलीपाशी जाऊन बसल्या. आमचं घर शेजारीच. त्या मला पुढे म्हणाल्या, "मले वाटलं, ह्या माणसाची दवाई तं घरातच उभी आहे. मी कायले गोंदियाच्या चकरा मारून राहिली?"

गाडी मात्र चालू होण्यासारखी राहिली नव्हती. टायर बसले होते, बॅटरी मेली होती, मागच्या सीटवर कोंबडीने अंडी घातली होती. गावातला मेकॅनिक मोटरसायकली आणि ट्रॅक्टर करायचा. त्याने बोनेट उघडून पाहिलं आणि हात झटकले. "काकू, हे माझ्या बापाच्या जमान्याचं काम आहे. भंगारात देऊन टाका." भंगार हा शब्द ऐकताच आतून भाऊंचा "हत्तेरीकी!" इतक्या जोरात आला की मेकॅनिक दचकला.

दामिनी, त्यांची मुलगी, नागपूरला नर्स आहे. तिने आईचं म्हणणं ऐकून घेतलं आणि शोधशोध करून आईला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घालून दिलं. गोंदिया, बालाघाट, भंडारा अशा भागांतली जुन्या गाड्यांची वेडी माणसं त्यात होती. कोणाची फियाट, कोणाची जीप. दिवसभर त्यांचं आपलं एकच, कोणत्या गाडीतून कसला आवाज येतो. दुर्पताबाई शाळेत फार शिकलेल्या नाहीत, त्यामुळे लिहिण्यापेक्षा त्या बोलूनच पाठवत. पहिलाच संदेश असा गेला: "नमस्कार. मी श्यामलाल रहांगडालेची घरवाली. आमची ॲम्बेसेडर उभी आहे, मालकबी आजारी आहेत. दोघांलेबी चालवायचं आहे. मले इंजिनातलं काहीच समजत नाही."

ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस पडला. एक म्हणाला आधी बॅटरी, दुसरा म्हणाला आधी कार्बोरेटर, तिसऱ्याने इंजिनच खोलायला सांगितलं. दुर्पताबाई गोंधळून गेल्या. तेव्हा गोंदियाच्या मुन्नालालजींचा आवाज आला. हे रेल्वेतून निवृत्त झालेले फिटर, त्यांच्याकडे वडिलांची फियाट आहे. "भाभीजी, सबकी सुनो, लेकिन एक बार में एक ही चीज छेड़ो. दो चीजें साथ में बदलोगी तो पता ही नहीं चलेगा कि ठीक किससे हुआ."

हे वाक्य दुर्पताबाईंना पटलं. स्वयंपाकातही त्यांचं तेच असतं म्हणाल्या, बिघडलेल्या भाजीत एकदम सगळं ओतायचं नसतं.

मग रोज दुपारी त्या शेडमध्ये जाऊ लागल्या आणि भाऊही मागोमाग येऊ लागले. दुर्पताबाईंनी टाकीतलं जुनं पेट्रोल काढलं. तो वास असा होता की गाय दावं तोडायला लागली. प्लग काढून घासले. मुन्नालालजी व्हिडिओवर दाखवत, त्या तसं करत, आणि स्टुलावर बसलेले भाऊ डाव्या हाताने पाना पुढे करत. चुकीचा नट धरला की "हत्तेरीकी", बरोबर धरला की तोच शब्द, पण हलक्या आवाजात. दुर्पताबाईंना हळूहळू त्यातले फरक कळू लागले.

दिवाळीनंतर एका सकाळी नवी बॅटरी बसवून त्यांनी स्टार्टर ओढला. इंजिन खोकलं, बंद पडलं, पुन्हा खोकलं आणि धूर सोडत चालू झालं. शेडमधल्या कोंबड्या उडाल्या. आम्ही शेजारीपाजारी धावत गेलो. भाऊ बोनेटवर तळहात ठेवून उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दुर्पताबाई लग्नाआधी भावाचा ट्रॅक्टर चालवायच्या, त्यामुळे स्टिअरिंगची भीती नव्हती. धान कापून रिकाम्या झालेल्या बांधीत सराव करून त्यांनी रीतसर लायसनही काढलं.

आणि मग गाडीने त्यांचा अंत पाहिला.

गोंदियाला जाताना कालव्याचा पूल ओलांडला की गाडी आचके द्यायची आणि बंद पडायची. घटकाभर उभी ठेवली की पुन्हा चालू. थोडं पुढे गेली की पुन्हा तेच. घरी उभ्या उभ्या कितीही वेळ चालवा, काही नाही. ग्रुपवर चर्चेला ऊत आला. कॉइल गरम होत असेल, म्हणून कॉइल बदलली. कंडेन्सर असेल, तोही बदलला. कार्बोरेटर गोंदियाला पाठवला, तो मुन्नालालजींनी स्वतः साफ करून परत धाडला. गाडी कालव्यापाशी बंद पडली ती पडलीच. येणारे-जाणारे थांबून विचारत, "काऊन काकू, म्हातारी थकली का?" गाडीत बसलेले भाऊ मान खाली घालत.

एकदा अशीच गाडी बंद पडली. दुर्पताबाईंनी बोनेट उघडलं. भाऊ काठी टेकत उतरले आणि इंजिनाच्या बाजूला खाली कुठेतरी बोट दाखवायला लागले. मग मागे डिकीकडे. मग पुन्हा खाली.

"का म्हणता? इंजिन का डिकी? नीट दाखवा नं."

"हत्तेरीकी!"

"मले नाही समजत जी तुमचं! किती दिवस हत्तेरीकी, हत्तेरीकी करता?" भर रस्त्यात त्या ओरडल्या. भाऊ गाडीत जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी ते शेडकडे गेले नाहीत. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुर्पताबाईंनी ग्रुपवर सांगितलं, "दादाहो, तुमचे उपकार. पण आता मी थांबते. गाडीच्या पायी माणूस रुसला." अर्जुनी मोरगावचे शालीकराम गुरुजी, निवृत्त शिक्षक, जुन्या जीपचे मालक, ते एरवी फार बोलत नसत. त्यांनी उत्तर पाठवलं, "वहिनी, गाडी आम्ही लांबून पाहून राहिलो. भाऊंनी ती जन्मभर चालवली. ते बोट दाखवतात तं काही सांगत असतील. त्यांलेच पुन्हा विचारा."

त्या दुपारी दुर्पताबाईंनी कोमट चहा केला आणि खाटेशेजारी बसल्या. लकव्यापासून भाऊ नळीनेच चहा घेत. दुर्पताबाई म्हणाल्या, "अजी, मी चुकली. रस्त्यावर बोलायले नव्हतं पायजे. तुमी सांगा, मी आयकते."

भाऊंनी भिंतीकडचं तोंड वळवलं. मग उठून बसले. डाव्या हाताने चहातली नळी उचलली, तिचं खालचं टोक बोटांत दाबून धरलं आणि वरून तोंडाने जोरात ओढलं. पातळ नळी मधोमध चपटी झाली. त्यांनी ती दुर्पताबाईंच्या तोंडापुढे धरली आणि शेडकडे बोट केलं. मग पुन्हा ओढलं. पुन्हा चपटी.

"नळी? गाडीतली नळी?"

भाऊंनी मान इतक्या जोरात हलवली की चहा सांडला.

दुर्पताबाईंनी त्यांना तसंच पुन्हा करायला लावलं, त्याचा व्हिडिओ काढला आणि ग्रुपवर टाकला. गुरुजींचा फोन लगेच आला. ते हसत होते. "वहिनी, आमी सगळे वरवर शोधत राहिलो. टाकी मागं डिकीखाली, आणि पेट्रोल ओढणारा पंप इंजिनाच्या बाजूला खाली. पंपाजवळ एक रबरी पाइप असते. ती जुनी होऊन आतून नरम झाली असल. उभ्या गाडीत कमी पेट्रोल लागते, म्हणून चालते. रस्त्यावर जोर पडला, पंपानं जोरात ओढलं, की पाइप चिपकते आणि पेट्रोल बंद."

दुसऱ्या दिवशी मुन्नालालजी स्वतः नवा पाइप घेऊन फियाटने दवनीवाड्यात आले. इतके महिने ज्यांचा आवाज ऐकला आणि व्हिडिओत फक्त हात पाहिले, तो माणूस प्रथमच समोर आला. उंच, पांढरे केस, शर्टाच्या खिशात टेस्टर. आल्या आल्या त्यांनी भाऊंचा डावा हात दोन्ही हातांत घेतला. "उस्ताद, पहले बता देते!" म्हणाले, आणि भाऊ हसले. हसताना तोंड एका बाजूला वाकडं होत होतं, पण त्यांनी ते लपवलं नाही.

जुना पाइप बाहेरून धडधाकट दिसत होता. मुन्नालालजींनी ब्लेडने उभा चिरला. आतलं रबर फुगून सोलवटलं होतं, उसाच्या चिपाडासारखं. तो तुकडा हातोहात फिरला. भाऊंनी तो सगळ्यांत शेवटी घेतला, बोटांनी दाबून पाहिला आणि तणसावर भिरकावून दिला.

नवा पाइप बसवून दुर्पताबाईंनी गाडी बाहेर काढली. पुढे भाऊ, मागे मुन्नालालजी. कालव्याचा पूल आला, गेला. पुढचं गाव गेलं, त्याच्या पुढचंही. शेवटी मुन्नालालजी म्हणाले, "भाभीजी, अब मोड़ लो, मेरी गाड़ी आपके घर पे है."

त्यानंतर भाऊंचं चालणं वाढलं. सकाळी उठून ते शेडमध्ये जातात, तेलपाणी बघतात. व्यायामाला दुर्पताबाई गाडीतूनच गोंदियाला नेतात, आणि गाडीतून फिरायला जायचं असेल तर आधी व्यायाम, अशी अट आहे. ग्रुपमधली माणसं आता ओसरीवर येऊन बसतात. भाऊ भिंतीकडे तोंड करत नाहीत. अलीकडे दोन-चार शब्दही परत आले आहेत. "पाणी" येतो, "दामिनी" येतो, गाडीतला "चोक" तर अगदी स्पष्ट.

यंदा थंडीत ग्रुपने गोंदियाला एका मैदानावर सगळ्या जुन्या गाड्या जमवल्या. दुर्पताबाई गाडी चालवत आल्या तेव्हा लोक वळून बघत होते. शालीकराम गुरुजींची जीप तिथे चालू होईना. चार जण वाकून बघत होते. त्यांनी भाऊंना खुर्ची देऊन बोनेटजवळ बसवलं, आणि भाऊ एका हाताने दाखवत गेले, ते करत गेले. जीप चालू झाली की नाही ते दुर्पताबाईंना आठवत नाही. त्या लांब उभ्या राहून नवऱ्याला माणसांच्या घोळक्यात पाहत होत्या.

परतताना चौकात त्यांनी दवनीवाड्याकडे वळायला हात दाखवला, तर भाऊंनी स्टिअरिंगवर हात ठेवला आणि आमगावच्या रस्त्याकडे बोट केलं.

"तिकडं कुठं? घर इकडं आहे."

"दरेकसा," भाऊ म्हणाले. शब्द अडखळत आला, पण आला.

"दरेकसाले? आता? घाट आहे नं तिथं."

भाऊंनी मान हलवली. घाट आहे म्हणूनच.

दुर्पताबाईंनी पेट्रोलच्या काट्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं. दिवस अजून बराच होता. त्यांनी दामिनीला फोन करून सांगितलं की आम्हाला घरी पोचायला उशीर होईल, काळजी करू नको. मग गिअर टाकला आणि गाडी डोंगरांच्या बाजूला वळवली.