अंदमानची फटाकडी आणि धुरपता

तुम्ही आयुष्यात कधी पाखरं हाकललीत का? गच्चीवरच्या पापडांवरून एखादी चिमणी उडवली, ते धरू नका. हुरड्यात आलेल्या ज्वारीत, लाकडी माच्यावर, उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत उभं राहून, हातात गोफण, घशाला कोरड, असे दोन-दोन महिने? नसतील हाकलली, तर हे तुमच्यासाठीच लिहितोय.

धुरपता इबितवार बिलोली तालुक्यातली. आठव्या वर्षापासून लग्न होईपर्यंत तिनं दुसऱ्यांच्या ज्वारीची राखण केली. शाळेचं तोंड पाहिलं नाही. पण राघूंचा थवा आभाळात असतानाच तो कोणत्या बांधावर उतरणार, हे तिला कळायचं.

"पाखरू हाकललं म्हंजे गेलं असं न्हाई," ती सांगते. "घटकाभर दडतं अन् दुसऱ्या अंगानं येतं. कोन्या अंगानं, ते आधी वळखायचं. न्हाई वळखलं तर मालकाच्या शिव्या खायच्या."

लग्न होऊन ती मुदखेडला आली. नवरा किशन तिथं मालधक्क्यावर हमाली करायचा. तो गेल्यावर पोरगी गीतांजलीला घेऊन धुरपता नांदेडात आली आणि लोकांच्या घरी पोळ्या लाटू लागली. आता पन्नाशी उलटली आहे. हाताला चव अशी, की पाणथळ पक्षिमित्र मंडळाच्या सहलींना स्वयंपाकाला तिलाच नेऊ लागले.

मंडळातली माणसं शिकलेली, नोकऱ्या-पेन्शनीवाली. आपल्या लोकांचं एक आहे. पृथ्वीच्या टोकाला जातील, पण रात्री भाकरी पाहिजे. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मंडळाची अकरा माणसं पक्षी बघायला अंदमानला निघाली, तेव्हा ज्वारीच्या पिठाचं पोतं, तवा आणि लसणाची चटणी घेऊन धुरपताही विमानात बसली.

मंडळींना पोपट दिसले, सुतार दिसले, सर्पगरुड दिसला. फटाकडी काही दिसेना. ही अंदमानातच राहणारी, पाणकोंबडीच्या जातीतली, सावली सोडून बाहेर न येणारी. तीन दिवस हे लोक तिथल्या म्हाताऱ्या वाटाड्याच्या मागं चिखल तुडवत फिरले. मोबाइलवर तिचा आवाज वाजवून वाजवून जंगल उठवलं. संध्याकाळी तोंडं पाडून परत यायचे आणि भाकरी मोडायचे.

चौथ्या दिवशी दुपारी धुरपता लॉजमागच्या ओढ्यावर भांडी घासून आली. सहलीचा म्होरक्या मिहिर, कॉलेजात फिजिक्स शिकवतो, कॅमेऱ्याची काच पुसत बसला होता.

"सर, तुमी ती तांबडी पाणकोंबडी धुंडून राहिले का?"

"धुरपताबाई, ती पाणकोंबडी नाही हो. वेगळी असते."

"हाव, वेगळीच हाय. पोटाला काळे-पांढरे पट्टे, चोच हिरवट. रोज माझ्या भाताच्या पाण्यावर येती. परवा लई जवळ आली, तं दगड मारला म्या."

मिहिरच्या हातातला कपडा तसाच राहिला. "दगड मारला?"

"लागला न्हाई. नेम गेला आता."

"अहो, दुर्मिळ पक्षी आहे तो!" वसंतराव ओरडले. वसंतराव म्हणजे मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त इंजिनिअर. त्यांची बायको इंदूताई हसून म्हणाली, "बाई, असा पक्षी तुमच्या गावाकडे असतो का?"

"असता तं आतापस्तोर कालवणात असता, ताई."

म्हातारा वाटाड्या तेवढा हसला नाही. त्यानं जवळ येऊन विचारलं, "अम्मा, किधर से निकलती वो?"

"वो केवडे में से निकलती. हाकले तो घडीभर छुपती, फिर ये बाजू से आती." आपली नांदेडी हिंदी. त्याला सगळी कळली.

चार वाजता अकराही जण ओढ्याकाठी बसले. फटाकडी येईना. डास चावून राहिले, उन्हं उतरू लागली. दुसऱ्या दिवशी परतायचं होतं. तेव्हा वसंतराव कुजबुजले, "बाई, तुम्हीच काहीतरी करा. हुसकता येईल का तिला? दाखवलीत तर नोंदीत पहिलं नाव तुमचं."

हे वाक्य अकरा जणांनी ऐकलंय. मी त्यातल्या तिघांना विचारलं. तिघांनी कबूल केलं आणि तिघांनीही सांगितलं, आमचं नाव लिहू नका.

धुरपतानं ओचा खोवला. सगळ्यांना उठवून दुसऱ्या अंगाला बसवलं, उन्हाकडं पाठ करून. "हलू नका. खोकलू नका. येईल तं हितूनच येईल." मग लांबून वळसा घालून ती केवड्याच्या पलीकडं गेली. एक टाळी. बारीक आवाजात एकदाच, "हुर्र."

फटाकडी शेपूट वर करून पळत निघाली ती थेट उघड्या वाळूत, उन्हात, कॅमेऱ्यांच्या पुढ्यात. क्षणभर थांबली. अकरा माणसं श्वास रोखून बटणं दाबत होती. पाखरू गेल्यावर इंदूताईंनी धुरपताला मिठी मारली. वसंतरावांनी हात जोडले. वाटाड्या म्हणाला, "साब, इस अम्मा को इधरच छोड जाओ."

पुढं मंडळाचं पुस्तक निघालं. पानभर फटाकडी, खाली "तीन दिवसांच्या चिकाटीनंतर" आणि अकरा नावं. गीतांजलीनं ते पान आईला दोनदा वाचून दाखवलं. धुरपता म्हणाली, "छापनाऱ्याची चूक असंल." माणूस किती सभ्य असावा, त्याला काही मर्यादा?

तो फोटो कुठल्याशा स्पर्धेत गेला, बक्षीस मिळालं आणि भोवला. जाणकारांनी हरकत घेतली, की पक्षी घाबरलेला दिसतोय, शेपूट बघा, याला मुद्दाम हुसकलंय. पक्ष्याला हुसकू नये असा नियम आहे. नियम बरोबरच आहे, मी त्याच्याशी भांडत नाही. चूक झाली असेल तर ती बारा जणांची झाली. सांगणारा एक, करणारी एक आणि त्या सांगणाऱ्यासकट फोटो काढणारे अकरा. तीन दिवस मोबाइल वाजवून त्या पाखराचं डोकं खाल्लं, त्याचा हिशेब तर कुणी मागितलाच नाही.

मंडळानं माफीचं पत्र काढलं आणि फेसबुकवर टाकलं. "सहलीतील स्वयंपाकीण श्रीमती धुरपता किशन इबितवार यांनी अजाणतेपणी पक्ष्यास हुसकावले. मंडळ दिलगीर आहे. सदर महिलेस यापुढे सहलीस नेले जाणार नाही." बघा, नवऱ्यासकट पूर्ण नाव, एक अक्षर चुकलं नाही.

सहलीतल्या गप्पाही तोवर गावभर झाल्या होत्या. पोळ्यांची दोन घरं सुटली. एकीनं तोंडावर सांगितलं, मुक्या जिवाला दगड मारणारी आम्हाला नको. गीतांजलीला कॉलेजात पोरी "हुर्र" करून चिडवू लागल्या. तेव्हा धुरपता वसंतरावांच्या घरी गेली. बसा म्हणाले, ती बसली नाही.

"साहेब, म्या अजानतेपनी केलं का?"

"बाई, शब्दात काय अडकता? तुम्हाला काय फरक पडतो? तुम्हाला कुठं स्पर्धेत जायचंय?"

"चाळीस वर्सं झाली पाखरं वळखते म्या. जानून हाकललं. तुमी म्हनले म्हनून हाकललं. मला अजान म्हनू नका."

"मंडळाच्या नावाचा प्रश्न आहे हो."

"अन् माझं नाव?"

वसंतराव टेबलावरचा पेपर सरळ करू लागले. इंदूताई आतल्या दारात उभ्या होत्या. मिठी मारणारी हीच बाई. ती म्हणाली, "धुरपताबाई, वाढवू नका आता."

घरकाम करणाऱ्या बायांची संघटना मी चालवतो. त्याच आठवड्यात धुरपता माझ्याकडं आली. मला वाटलं सहलीचं काम परत मिळावं म्हणून आली असेल. म्हटलं, मोर्चा काढू, परत न्यायला लावू. तिनं मलाच झापलं. "मला सहलीला जायचंच न्हाई. भाकरी कुटंबी थापता येती. ते एक वाक्य मागं घ्यायला लावा. माझ्या पोरीनं जन्मभर तेच वाचायचं का?"

एवढंच मागणं आहे. तीन अर्ज दिले, दोनदा मंडळाच्या दारात जाऊन बसलो. मिहिर सर मान हलवतात, वसंतराव फोन उचलत नाहीत. पत्र अजून तिथंच आहे. आजही उघडून बघा.

या जानेवारीत मंडळ पुन्हा अंदमानला चाललंय. नांदेड, लातूर, दोन्हीकडे नावनोंदणी सुरू आहे. तुमच्यातले काही जण जाणार, मला माहीत आहे. जा, बेटं बघा, पाखरं बघा. पण नाव देण्याआधी मंडळाला एक फोन लावा आणि विचारा, धुरपताबाईंबद्दलचं ते वाक्य कधी मागं घेताय? ते मागं घेईपर्यंत तुमचं नाव त्यांच्या यादीत घालू नका.