रेफरीची मुलगी

माझा बॉल चिखलात रुतला होता आणि त्याचा नियम पाठ असलेला माणूस दहा पावलांवर उभा राहून झाडं बघत होता. ते माझे बाबा.

कोलकात्यातली स्पर्धा, दुसरा दिवस, सतरावं होल. दोन दिवसांनी मागे पडलेले खेळाडू बाहेर जातात, त्याला कट म्हणतात. मी बरोबर कटच्या रेषेवर होते. तो चुकला तर पुढच्या मोसमासाठी पुन्हा पात्रता फेरी खेळावी लागणार होती.

आमचं घरच गोल्फचं. आजोबा देवळालीच्या कोर्सवर गवत राखायचे, भाऊ गोल्फ शिकवतो. बाबा बँकेच्या बदलीने इथे आले आणि निवृत्तीनंतर रेफरी झाले.

बॉल रफमध्ये, म्हणजे फेअरवेच्या कापलेल्या पट्ट्याबाहेरच्या वाढलेल्या गवतात पडून स्वतःच्याच खड्ड्यात अडकला होता. असा बॉल उचलून शेजारी ड्रॉप करता येतो, दंड नाही, असं मला वाटत होतं. खात्रीसाठी हात वर केला. बाबा आले, मला पाहिलं आणि वॉकीटॉकीवर म्हणाले, "प्लेयर मेरी बेटी है. दूसरा रेफरी भेजिए."

सेनबाबू आले. वयस्कर, सज्जन माणूस. वाकून बघितलं.

"रफ में रिलीफ नहीं मिलता, बेटा. सिर्फ फेअरवे में. जैसा है वैसा खेलो."

"सर, वो रूल बदल गया ना?"

"ना, ना. खेलो."

मी बाबांकडे पाहिलं. ते गप्प. नियमातला स्वल्पविराम चुकला तरी ज्याला चैन पडत नाही तो माणूस गप्प आहे, म्हणजे सेनबाबूंचंच बरोबर असणार. मी मारला. बॉल हातभर सरकला. त्या होलवर दोन शॉट जास्त गेले. अठराव्यावर एक भरून काढला, तरी कट एका शॉटने हुकला.

कार्ड देऊन बाहेर आले तर बाबा पार्किंगमध्ये.

"नियम तुझ्या बाजूने होता. सेनबाबूंनी जुना सांगितला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मग तोंडाला कुलूप लावलं होतं का?"

"अगं, बोललो असतो तर लोक म्हणाले असते, पोरीला वाचवलं."

"आणि दुसऱ्या कोणाची पोर असती तर?"

"तर लगेच सांगितलं असतं."

"म्हणजे तुमची मुलगी म्हणून मी बाहेर!"

समितीने सांगितलं, शॉट मारून झाला, आता काही बदलणार नाही. सेनबाबूंनी माफी मागितली. त्यांच्यावर माझा राग नाही, ते चुकले. बाबांनी चूक कळत असून होऊ दिली आणि वर तिला तत्त्व म्हणाले. 

घरी मी नियमांचं पुस्तक उघडलं. खेळाडूला शॉटबद्दल सल्ला देता येत नाही, पण नियम सांगणं हा सल्ला नव्हे. प्रतिस्पर्धी, प्रेक्षक, इथली भेळ विकणारा झालमुडीवाला, कोणीही सांगू शकतो. ते पान मी बाबांच्या पुढ्यात ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि न जेवता उठले.

पात्रता फेरी खेळून मी स्पर्धांमध्ये परत आले. आता रेफरींच्या यादीत बाबांचं नाव दिसलं की मी आयोजकांना लेखी हरकत देते. कारण लिहिते: नातेवाईक असल्याने माझ्यावर अन्याय होण्याची शक्यता.