मी बदललेलं प्रकरण

आमच्या घरात आजही सांगतात की ताई अकोल्याला सासरी परत गेली ती स्वतःच्या मनाने. ते खरं नाही. तिला मी पाठवलं.

एकोणीसशे साठच्या आगेमागे मी अमरावतीत नवा शाळामास्तर होतो. उन्हाळ्यात दर रविवारी दुपारी राजापेठेतल्या आमच्या ओसरीवर शेजारच्या बाया सरगुंडे करायला जमत. कणकेच्या दोऱ्या काडीवर गुंडाळताना हात अडकलेले, म्हणून साप्ताहिकातली क्रमशः कादंबरी मी मोठ्याने वाचायची, असा रिवाज पडला होता. तिची नायिका सासरच्या जाचाने माहेरी आलेली.

त्या बायांच्या ऐकण्याचं मला अजून नवल वाटतं. नायिकेला ताप आला तेव्हा शेजारच्या काकूंनी तिच्यासाठी सोमवार धरला.

"काकू, ते कागदावरची बाई आहे," मी म्हटलं.

"कागदावरची असली म्हणून तिले ताप येत नाही का, मास्तर?"

आणि समोर ताई बसलेली. तीही सहा महिन्यांपासून माहेरी होती. भावजींचं न्यायला येतो असं पत्र आलं होतं, तिने उत्तर दिलं नव्हतं. इकडे माझं लग्न ठरत होतं आणि मुलीकडचे विचारत होते, बहीण कायमची घरीच राहणार का?

त्या आठवड्याचं प्रकरण मी आधीच वाचून ठेवलं होतं. नवरा न्यायला येतो आणि नायिका दारातूनच त्याला 'मी येणार नाही' म्हणते. ओसरीवर मी तो अंक समोर धरला आणि छापलेलं सोडून भलतंच बोललो. 'तिने त्याच्याकडे पाहिलं, डोळे पुसले आणि ट्रंक उचलली.' आवाज जरा कापराही केला.

"जाय माय, जाय," म्हणत काकू रडायला लागल्या. ताईच्या हातातली काडी थांबली.

"तिनं त्याले काहीच विचारलं नाही?"

"नाही."

"एवढंच लिहिलं आहे?"

"एवढंच."

दुसऱ्या दिवशी तिने पत्राला उत्तर लिहिलं. आठवड्याभरात भावजी आले आणि तिला घेऊन बडनेऱ्याहून गाडीत बसले. तो आणि पुढचे अंक मी शाळेच्या कपाटात दडवले आणि दोन महिने दर रविवारी मनाने रचलेली प्रकरणं वाचली. "आता लेखक बरं लिहून राहिला," असं बाया म्हणत. माझं लग्न झालं.

दिवाळीला ताई आली ती अर्धी होऊन. स्वयंपाकघरात आम्ही दोघंच असताना म्हणाली, "अकोल्याले शेजारी येते ते साप्ताहिक. गेल्यावर आठ दिवसांतच वाचलं मी."

मी विचारलं, "मग परत काहून नाही आली?"

"कोणाच्या घरी येऊ? वाचणारा तूच होता."

मरेपर्यंत ती हे कुणापुढे बोलली नाही, आईपुढेसुद्धा नाही. एवढं पोटात ठेवणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्या दिवशी मात्र तिने आणखी एक विचारलं.

"तुह्या गोष्टीतली ते बाई आता कशी आहे रे?"

मी खाली मान घालून म्हणालो, "सुखात आहे."

"राहू दे तिले," ती म्हणाली आणि चुलीत लाकूड सारलं.