स्वच्छतादूत, जिन्यानं जा

लिफ्टमधून मला बाहेर काढलं तेव्हा माझ्या खांद्यावर शाल होती. नुकतीच सोसायटीवाल्यांनीच घातलेली. हातात कचऱ्याचा डबाही नव्हता, नारळ होता.

सव्वीस जानेवारी. नेरुळची सोसायटी. झेंडावंदन झालं आणि सेक्रेटरी माइकवर म्हणाले, "आजपासून यांना कुणी हाउसकीपिंग म्हणायचं नाही. या आपल्या स्वच्छतादूत!" टाळ्या. फोटो. मग मी बाराव्या मजल्यावरचा कचरा आणायला निघाले. आम्हा कामवाल्यांची मागची लिफ्ट बंद होती, म्हणून पुढच्या लिफ्टमध्ये शिरले. आत सेक्रेटरींची बायको. माझ्या गळ्यात हात टाकून फोटो काढणारी तीच.

"मावशी, ही तुमची लिफ्ट नाही ना. जिन्यानं जा."

मी गेले. सवयच ती. सहाव्या मजल्यावर धाप लागली आणि पायरीवर बसले. बसले आणि डोकं फिरलं.

गावाकडे, परभणीत, माझ्या आईला जातीनं हाक मारायचे. ती हाक नको म्हणून मी इथं आले. इथं आधी झाडूवाली होते. ते बरं दिसत नाही म्हणून मावशी झाले. मग हाउसकीपिंग. दर वेळी मी खूश व्हायचे, घरी जाऊन नवऱ्याला सांगायचे. तो मार्केटात गोणी उचलतो. तो एवढंच विचारायचा, "आन् पाणी कुठलं देतात?"

पाणी मी गेटवरच्या नळाचं पिते.

आईला उंबऱ्याबाहेर ठेवलं, मला लिफ्टबाहेर. नावं तेवढी बदलली. मला भयंकर राग आला. खाली उतरले, शाल आणि नारळ सेक्रेटरींच्या टेबलावर ठेवला आणि लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिले.

सेक्रेटरी धावत आले आणि लिफ्टचं दार धरलं. "अहो, एवढा मान दिला आणि तुम्ही असं करता?"

"मान राहू द्या, साहेब. मला वर जायचं हाय. दार सोडा."

त्यांनी दार सोडलं. मी वर गेले.

संध्याकाळी कॉन्ट्रॅक्टरचा फोन आला. "माफी माग, नाहीतर कामावर येऊ नको."

माफी मागणार नाही. आणि उद्या कामावर जाणार, त्याच लिफ्टनं. लिफ्टमधून काढायचं तर सगळ्यांसमोर काढा, साहेब. का काढता तेही सांगा, पण गोड शब्द चालणार नाही. माझ्या आईला जी हाक मारायचे ती तुमच्या मनात आहे, तीच माझ्या तोंडावर मारा.

ती ऐकूनही मी उतरणार नाही.