सुनेची सही

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी स्टॅक कसा मोजतात ते मला कळतं. सुनेने ते मला बंगळूरला, कोरमंगलाच्या घरात, कोठीच्या दारात उभं राहून सांगितलं होतं.

मुलगा आणि सून इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एकाच कंपनीत होते. लिफ्ट चालवणाऱ्या यंत्राचा मूळ प्रोग्राम, कर्नल म्हणायचे त्याला, तो मुलाने लिहिला होता. हातातलं काम अर्धवट सोडून दुसरं घ्यावं लागलं की प्रोग्राम पहिलं काम ज्या जागेत ठेवतो, ती जागा म्हणजे स्टॅक. ती कमी पडली की यंत्र बंद. ती मोजून, पुरेशी आहे अशी कागदावर सही करायचं काम सुनेचं.

उंदीर कुठवर येतो ते बघायला मी कोठीत पीठ भुरभुरलं होतं. ती म्हणाली, "आम्ही हेच करतो, आई. सगळ्या जागेत आधी एकच खूण भरायची, प्रोग्राम चालवायचा, मग कुठवर पुसलं ते बघायचं. पण काल उंदीर इथवर आला म्हणजे उद्या पुढे येणार नाही, असं थोडंच आहे?"

मुलाने एकेक बटण दाबून बघितलं होतं. अर्ध्या जागेतल्या खुणा तशाच राहिल्या. हिने सगळी बटणं एकदम दाबली, तर जेमतेम दोन खुणा उरल्या.

"जागा दुप्पट कर, मग सही करते," ती त्याला चहा घेताना म्हणाली.

"सगळी बटणं एकदम कोण दाबतं? माकडं?"

मी मोठ्याने हसले. त्या महिन्यात तो गटाचा मुख्य होणार होता. तो आंघोळीला गेल्यावर मी कागद तिच्यापुढे ठेवला. "नवऱ्याच्या चुका काढायला शिकलीस का एवढी? सही कर, नाहीतर या घरात माझ्याशी बोलू नकोस."

दोन वर्षं मूल नाही म्हणून तिला काय काय ऐकवलं होतं, ते तिला आठवत असणार. तिने सही केली.

कंपनीत पाहुणे आले. मुलाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या लिफ्टमध्ये एकाने गंमत म्हणून सगळ्या बटणांवरून पंजा फिरवला. त्याच वेळी बाहेरूनही कुणी बटण दाबलं असणार; उरलेल्या दोन खुणाही पुसल्या गेल्या आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, साहेबांसकट. कागदावर सही हिची होती. हिला काढून टाकलं. मुलगा तिथे बोलला नाही, घरीही नाही. पुढच्या आठवड्यात त्याने जागा दुप्पट केली आणि मुख्य झाला.

ती नागपूरला माहेरी निघाली तेव्हा रिक्षा दारात उभी होती. मी भाजी निवडत होते.

"आई, त्या दिवशी मी काय म्हणत होते, ते तुम्हाला समजलं नव्हतं का?"

"समजलं होतं," मी म्हणाले.

तिने बॅग उचलली. ती परत आली नाही.