बांधावरचा म्हसोबा

जमीन विकावी की ठेवावी, हे देवाला विचारायचं असतं का, हेच मला कळत नव्हतं. नांदे गावात रस्त्यालगत आमचं एकच शेत उरलं होतं. तिन्ही बाजूंनी इमारती उठल्या होत्या आणि बांधावर उंबराखाली आमचा म्हसोबा होता. पेरणीची पहिली मूठ त्याच्या नावाची. पण पेरायला माणूस मिळेना आणि नवऱ्याचे, म्हणजे आमच्या मालकांचे, गुडघे गेलेले. बिल्डरचा माणूस म्हणाला, "देवाला गेटच्या आत संगमरवरी मंदिर बांधून देऊ." मालक म्हणाले, "देवाचं बी भलं, आपलं बी भलं." मला ते खोटंही वाटेना आणि खरंही वाटेना. शेत पिकावं म्हणून ज्याच्यापुढे नारळ फोडला, त्याच्यापुढेच शेत विकण्याचं बोलायचं कसं?

शेवटी भैरवनाथाच्या देवळात कौल लावला. गुरवांनी देवाला दोन कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर विकायचं, डावी पडली तर नाही. मी किती तरी वेळ बसून राहिले, पण एकही पडली नाही. "वहिनी, आज देव काय बोलत न्हाई," गुरव म्हणाले. देवावर रागावून मी भर उन्हात तशीच शेताकडे निघाले. बांधावर पोचले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली.

जाग आली तेव्हा उंबराच्या सावलीत होते. शेजारच्या बांधकामावरची एक बाई माझ्या तोंडावर पाणी मारत होती. माझं लक्ष म्हसोबाकडे गेलं. कित्येक आठवडे मी फिरकले नव्हते, तरी त्याला ताजा शेंदूर होता.

"हम लोग लगाते हैं," ती संकोचून म्हणाली. "गाँव में हमारे भी ऐसे ही बाबा हैं. इनका नाम क्या है?"

मी नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं. गेट झाल्यावर हिला आत कोण सोडणार, एवढंच माझ्या मनात आलं.

घरी येऊन मी मालकांना म्हणाले, "अहो, विका. पण उंबर, देव आणि रस्त्यापासूनची वाट सोडून."

"येडी झालीस का? रस्त्याकडचा तुकडा सोडला तर भाव पडंल की!"

"पडू द्या."

दोन दिवस ते कागदावर हिशेब मांडत बसले. मग व्यवहाराच्या बैठकीत स्वतःच म्हणाले, "देवाची वाट मोकळी ऱ्हाईल. त्ये जमत आसंल तर बोला." भाव पडला. पोटापुरतं मिळालं.

मी देव राखला की देवाच्या नावाने मनाची समजूत घातली, हे मला आजही उमगत नाही. चक्कर उन्हाने आली की त्याने आणली, तेही नाही. ती बाई पुन्हा दिसली नाही. आता मी कौल लावत नाही. म्हसोबाला, तू बघ, एवढंच म्हणते, आणि तेवढ्याने छाती हलकी होते.

परवा अमावस्येला गेले तर उंबराखाली मजूर बायांची रांग होती. मी सरळ पुढे निघाले. एकीने हात धरून थांबवलं. "नई आई हो क्या, दीदी? लाइन पीछे से है."

"हो," म्हणाले आणि सगळ्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.